सहा आठवड्यांनंतरचे केस

कोर्स संपवून बाहेर पडलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, कधी कधी त्यांचे आईवडीलही विचारतात: "चांगला हेअरड्रेसर व्हायला किती वर्षं लागतात? आणि स्वतःचं सलून कधी काढायचं?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून आधी पहिलं.

तुम्ही कापलेली डोकी तुमच्याकडे परत यायला लागली की खरं शिकणं सुरू होतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा आठवड्यांत दीड ते दोन सेंटिमीटर. एवढ्या वाढीत तुमचा कट उघडा पडतो. खुर्चीतून उठताना जवळजवळ सगळेच कट छान दिसतात, कारण ब्रश आणि गरम हवा मिळून खूप काही झाकतात. मग ती व्यक्ती घरी डोकं धुते, केस आपोआप वाळू देते, आणि कानामागे ठेवलेलं केसांचं जास्तीचं वजन बाहेर वळून दिसायला लागतं. भोवऱ्यापाशी केस फार आखूड झाले असतील तर ते ताठ उभे राहतात. मानेवरचे केस मुळातच वरच्या दिशेने उगवणारे असतील, तर सरळ रेषेत कापलेली कड थोड्याच दिवसांत वाकडी होते. सरावासाठीच्या डमी डोक्यावर हे कधीच कळत नाही, कारण डमीचे केस वाढत नाहीत. कोर्समध्ये सेक्शन कसे घ्यायचे, केस किती अंशात उचलायचे, ब्लंट म्हणजे एकाच लांबीची सरळ कड कुठे आणि लेयर्स म्हणजे वर आखूड, खाली लांब असे थर कुठे, हे सगळं शिकवतात आणि ते लागतंच. पण आपण कापलेलं पुढे कसं वाढलं, ते फक्त परत आलेलं डोकं शिकवतं.

म्हणून माझा आग्रह असा की पहिली दोन-तीन वर्षं एका जागी टिका. चार-सहा महिन्यांनी जरा जास्त पगार मिळतोय म्हणून सलून बदलणारी हुशार मुलं मी बघते आणि जीव हळहळतो. सुरुवातीला पैसे खरंच कमी मिळतात, घरी द्यावे लागतात, ती ओढ मला कळते. पण जागा बदलली की तुमची डोकी मागे राहतात. मग दर वेळी नवीन माणूस, नवीन कट, आणि त्याचं पुढे काय झालं ते कळायच्या आत पुन्हा नवीन जागा. पहिली नोकरी निवडताना सलून किती चकचकीत आहे ते बघू नका. दोन गोष्टी विचारा: मी केलेला क्लायंट पुढच्या वेळी माझ्याच खुर्चीवर बसेल का, आणि माझं काम कोण तपासणार?

बऱ्याच जणांना सुरुवातीचे बेसिनवरचे महिने कमीपणाचे वाटतात. मला तसं अजिबात वाटत नाही. शॅम्पू करताना बोटांना डोकं कळतं. मागचं हाड कुठे फुगलंय, केस कुठे विरळ आहेत, टाळूवर कुठे जुनी खूण आहे, ते आधी हाताला समजतं. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका जास्त ताणला जातो आणि सोडला की मागे येतो. ब्लीचने खराब झालेला केस ताणला जातो तो तसाच राहतो, नाहीतर तुटतो. हा फरक बोटांत बसलेला असेल तर पुढे ब्लीचचा वाडगा हातात घेताना तुम्ही दोनदा विचार कराल.

व्हिडाल ससून या ब्रिटिश हेअरड्रेसरचं नाव या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. चौदाव्या वर्षी ते एका सलूनमध्ये उमेदवारीला लागले. 1954 साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःचं सलून काढलं, आणि ज्या भौमितिक कटांमुळे जग त्यांना ओळखतं ते 1963-64च्या सुमाराचे. स्वतःच्या सलूननंतरही मध्ये जवळजवळ दहा वर्षं गेली. त्या काळी बायका दर आठवड्याला सलूनमध्ये जाऊन केस सेट करून घ्यायच्या. ससून यांचा कट असा होता की धुवावा, झटकावा, आणि केस आपल्या जागी यावेत. घरी टिकणारा कट. मला त्यांच्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

तेव्हा समोरच्याशी बोला, आणि धुण्याआधी बोला, कोरडे केस बघत. सकाळी केसांना किती वेळ देता, बांधता की मोकळे सोडता, स्वतःहून काय लावता. "थोडेच कापा" म्हणजे किती, ते त्यांच्याच बोटांनी दाखवायला सांगा. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, म्हणून तिथे हात आखडता ठेवा.

प्रत्येकाची नोंद ठेवा. रंगकामात तर याला पर्याय नाही. कुठली शेड, किती प्रमाणात, कुठला डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड), किती मिनिटं. 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. आधी लावलेला रंग त्यावर दुसरा फिका रंग लावून उजळत नाही, हे क्लायंटला शांतपणे समजावता आलं पाहिजे. आणि 48 तास आधीची पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं, जुन्या क्लायंटलाही चुकवू नका, कारण वर्षानुवर्षं चाललेल्या रंगाची ॲलर्जी एक दिवस अचानक उमटू शकते. तुमच्या हातांनाही तेच लागू आहे. ग्लोव्हज न घालणाऱ्यांची कातडी फुटते, आणि त्यापायी चांगल्या कारागिरांना हे काम सोडावं लागतं.

परत आलेलं डोकं तेच असलं तरी केस तेच नसतात. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडायला लागतात आणि बाई घाबरून येते. ते बहुतेक वेळा पुन्हा भरतात, हे तिला तुमच्याकडून ऐकायचं असतं. केमोथेरपीनंतर उगवलेले केस कित्येकदा आधीपेक्षा वेगळे, कुरळेसुद्धा येतात, आणि त्यांचा पहिला कट फार जपून करायचा असतो. डोक्याच्या मागे पडलेली चाई त्या माणसाआधी तुम्हाला दिसते. तेव्हा हलक्या आवाजात सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा, तेल-सीरम विकायला जाऊ नका. या विश्वासासाठी मला हे काम आवडतं.

आता सलून. फोटो बघून नवीन लोक येतात, तेही हवेत. पण भाडं, पगार आणि विजेचं बिल दर महिन्याला येतं, आणि ते भरणारी माणसं ही पुन्हा पुन्हा येणारी असतात. शिवाय माल मागवणं, माणसं सांभाळणं, हिशेब ठेवणं हा निराळाच धंदा आहे. तो आधी दुसऱ्याच्या सलूनमध्ये जवळून बघून घ्या. नोंदींची वही तुमच्याकडे असेलच. जागा बघायला जाण्याआधी ती उघडा आणि मागच्या तीन महिन्यांत किती नावं दुसऱ्यांदा आली आहेत ते मोजा.