हडळीचे उलटे पाय, सांगलीची हळद

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या मंडळाचा हॅलोविनचा मेळावा 31 ऑक्टोबरच्या आधीच्या रविवारी ठरलेला. दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षांचे दोन शब्द (ते कधीच दोन नसतात) एवढं उरकलं की मंडळी भुतांच्या कुकी करायला ओट्याकडे वळतात. ‘अमेरिकेतली भुतं इथं कशाला?’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. म्हणेना का! साचे भोपळ्याचे नि वटवाघळाचे असले, तरी पोरांना हवे असतात मुंजा, वेताळ आणि हडळ.

प्रमाण आता सगळ्यांना पाठ आहे. पाव किलो मैदा, 125 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, लागलंच तर दोन चमचे दूध. अंडं नाही, सोडाही नाही. सोड्यानं कुकी पसरते आणि वटवाघळाचे पंख पोटात जातात. बटर-साखर एकजीव होण्यापुरतीच घोटायची. नानकटाईच्या सवयीनं पांढरीशुभ्र होईतो फेसलं, तर आत हवा भरून आकार बिघडतो. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट. ऑक्टोबरच्या उन्हात बटर लगेच पाघळतं, म्हणून गोळा पाऊण तास फ्रिजमध्ये, मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचा. कापलेले आकार ट्रेसकट परत दहा मिनिटं गार करायचे. ही दहा मिनिटं घाईत गाळली, की भोपळ्याची थाळी होते. ओव्हन आधी तापवून 170 अंशांवर 12 ते 14 मिनिटं. कडा जरा सोनेरी दिसली की बाहेर. मधे मऊ लागते म्हणून परत आत ढकलू नये, गार झाल्यावर ती खुटखुटीत होते.

हडळ मात्र सुरीनंच कापावी लागते, आणि बाजूनं दिसणारी: नाक उजवीकडे, पावलांची बोटं डावीकडे. घोटा बारीक राहिला तर तो आधी करपतो आणि उचलताना तुटतो. म्हणून पातळाचा घोळ पावलांपर्यंत खाली ओढायचा.

रंग घरचेच. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती इथं असताना बाटलीतला केशरी रंग कशाला? 100 ग्रॅम चाळलेल्या पिठीसाखरेत तीन छोटे चमचे लिंबूरस, चिमूटभर हळद, बिटाच्या रसाचे थेंब टाकत गेलं की भोपळ्याचा केशरी उतरतो. हळदीला सोड्याचा स्पर्श झाला तर ती लालसर तपकिरी पडते. बीट ओव्हनमध्ये मळकट होतं, म्हणून ते पिठात नाही, वरच्या साखरेतच. हिरव्याचं उलटं: पालकाच्या रसात लिंबू पडलं की रंग शेवाळी होतो, तिथं दूध घ्यावं. डोळ्यांचे बेदाणे भाजून झाल्यावर, कुकी गरम असतानाच दाबायचे. आधी लावले तर कडू कोळसा. आणि साखर लावायची ती पूर्ण गार झालेल्या कुकीवर. नाहीतर वेताळ रडायला लागतो.

मग आमचा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येक मूल आपली कुकी ताटलीत घेऊन उभं राहतं, त्या भुताची ओळख करून देतं आणि शेवटी भूत खाऊन टाकतं. पुढच्याच आठवड्यात, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन, आणि गाव नाट्यपंढरी. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे. चकव्याला आकार नसतो म्हणून कुणीतरी कोरी चौकोनी कुकी आणतं आणि हशा वसूल करतं. मुंज्याची पाळी आली की सगळ्यात थोरल्या आजी पिंपळावरच्या त्या पोराची गोष्ट सांगतात, आवाज जराही न चढवता. ती कुकी खायला मग पोरं तयार होत नाहीत. ‘तो आमच्याएवढाच होता ना?’ असं एखादं विचारतं, आणि ताटली तशीच टेबलावर राहते. दरवर्षी ऐकूनही इथं घसा दाटतोच.

उपस्थितीबद्दल बोलायलाच हवं. 2024 साली 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, आदल्या रविवारी घरोघर चकल्यांचे घाणे, तेव्हा रिकाम्या खुर्च्या समजू शकतो. बाकीच्या वर्षांचं काय? लाटायला कुणी नाही, डबे भरायच्या वेळी मात्र रांग!

आता आभार, कुणी राहू नये म्हणून सावकाश. ओव्हन देणाऱ्या दोघी वहिनी. दोन्ही ओव्हन एका बोर्डावर लावले की फ्यूज उडतो हे ओळखून स्वयंपाकघरातून वेगळी वायर ओढून देणारे वायरमन दादा. फ्रिजमधली भाजी बाहेर काढून आमचे ट्रे ठेवून घेणाऱ्या शेजारच्या मावशी. मोठे ट्रे देणारे बेकरीवाले काका. साखर मलमलच्या फडक्यातून गाळणाऱ्या सुनबाई. हॉलची किल्ली सांभाळणारे नाना. बिटाचे डाग पडलेल्या सतरंज्या न कुरकुरता धुणाऱ्या ताई. शिवाय खुर्च्या उचलणारी कॉलेजची पोरं. बेदाणे देणारे तासगावचे पाहुणे राहतच होते, त्यांचेही आभार.

आणि वटवाघळाचा मोठा साचा गेल्या वर्षी ज्यांच्याकडे गेला, त्यांनी तो दसऱ्याच्या आत नानांकडे पोचता करावा.