वाडे पाडणाऱ्यांची वाटचाल

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आमच्या फर्मची सुरुवात वाडे पाडण्यापासून झाली, हे नव्या गिऱ्हाइकाला मी आधीच सांगून टाकतो. वडिलांचा धंदा जुन्या लाकडाचा. बेळगाव, शहापूर, वडगावात वाटणीला निघालेला वाडा उक्ता घ्यायचा, कौलं उतरवायची, सागवानी तुळया, खांब, चौकटी सोडवायच्या आणि विकायच्या. कोरीव दरवाजे गोव्याकडे जायचे, दगड कुणाच्या तरी नव्या घराच्या पायाला. कडीपाट कुठे तोललाय, कुठली भिंत भार घेते आणि कुठली नुसती आडोशाची, हे मी पाडकामावरच शिकलो.

दुरुस्तीकडे वळलो ते हिशेबापोटी. गल्लीतला वाडा अरुंद आणि लांब. पाडून नवं बांधायचं तर नियमाप्रमाणे कडेनं जागा सोडावी लागते. मग हातात उरतं काय? आहे तीच इमारत नीट करून भाड्यानं दिली तर अनेकदा मालकाचं जास्त भलं होतं. वाड्याच्या प्रेमापोटी येणारे मालक थोडेच. बहुतेकांना महिन्याचं भाडं दिसायला लागतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. भाडं आलं नाही तर दरवर्षी कौलं चाळणार कोण?

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीनं आम्हाला खरं काम शिकवलं. जाड भिंती, उंच छप्पर, आत अंधार. मालकाला तिथे मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. पहिली सूचना अर्थातच भिंती फोडून मोठ्या खिडक्या काढायची आली. आम्ही भिंतींना हात लावला नाही. छपरात ठरावीक अंतरानं काचेची कौलं बसवली, वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते मोकळे केले, आणि उजेड वरून घेतला. तंबाखूचा वास मात्र लाकडात मुरलेला. जुना गिलावा खरवडून, लाकूड घासून-धुऊनही पावसाळ्यात तो येतोच. मुलं म्हणे त्यानं झोप येत नाही.

आमचं सगळ्यात जास्त भांडण सिमेंटशी. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. आपल्याकडचा पाऊस भिंत पिते, पण सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही. मग भिंतीवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो आणि आतला चुना भुसभुशीत होतो. म्हणून आम्ही चुनाच वापरतो: आधी भिजवून मुरवलेला, मग वाळूबरोबर मळलेला, गुळाचं पाणी आणि हिरडा घालून. वेळ लागतो. घाई असलेल्या मालकाला आम्ही सरळ दुसरा गौंडी बघायला सांगतो.

कागदपत्रांचा घोळ हा वेगळाच विषय. शहापूर सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिथले जुने दस्त मोडी लिपीत असतात. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात, म्हणून मोडीनंतरचे, तोपर्यंतचे दस्त देवनागरी मराठीत. आजचा अर्ज कन्नडमध्ये, नकाशा इंग्रजीत. आमच्या ऑफिसात मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आठवड्यातून एकदा येतात. इंजिनियरपेक्षा त्यांची वाट आम्ही जास्त बघतो. वारसांच्या सह्या पूर्ण झाल्याशिवाय शिडी लावायची नाही, हा वडिलांचा नियम अजून पाळतो.

किल्ल्याच्या बाजूचं काम विचारायला येणाऱ्यांना आधी टेप दाखवतो. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या 200 मीटरातही परवानगीशिवाय काही नाही. आपल्याच घराची दुरुस्ती, मग विचारायचं कशाला, असं बोलणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

सध्या खानापूरकडच्या एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं काम हातात आहे. मालक भावांपैकी एकाला मंगल कार्यालय हवंय, दुसऱ्याला काजूचं गोदाम. माझं मत गोदामाच्या बाजूनं. मांडवाची गर्दी आणि जनरेटर झेपण्याजोगी ती भट्टीकडची भिंत नाही. दोघांचं ठरेपर्यंत आम्ही फक्त छप्पर शाकारून घेतोय, त्याच कारखान्याच्या आवारात पडून असलेल्या कौलांनी.