रंगवलेल्या गाडीला भोक पाडताना

रंगवून तयार झालेल्या गाडीला ड्रिल लावायचं म्हटलं की माझा हात आधी थांबतो. इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी थांबतो आणि थांबायलाच हवा. पत्रा ठोकताना चुकला तर परत ठोकता येतो, लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त झाली तर घासता येते. रंगावर पाडलेलं भोक मात्र जागेवरून हलत नाही.

मी बाहेरच्या सामानाचा फिटर. बंपर, जाळी, दिव्यांच्या रिंगा, हँडल, रबरं, बाजूच्या पट्ट्या, बिल्ले. डेंटर आणि पेंटरच्या हातून गाडी सुटली की माझी पाळी. हे काम पुष्कळांना शेवटचं आणि सजावटीचं वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. आधीच्या सगळ्यांनी काय केलंय ते इथे उघडं पडतं. गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी शिवाजी पार्कला हे फार नीट दिसलं.

तिथल्या आतल्या गल्ल्यांमध्ये स्वातंत्र्याच्या आधी बांधलेल्या तीनमजली इमारती अजून उभ्या आहेत. काहींच्या मागे त्या काळातली गॅरेजं आहेत, आतापेक्षा लहान गाड्यांच्या मापाची. अशाच एका गॅरेजात गाडीच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, त्यांची एमजीबी रोडस्टर सगळी खोलली होती. १९६६ची गाडी, दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल. कंपनी या लालला ‘टार्टन रेड’ म्हणायची. काकांच्या वडिलांनी ती एसटीसीच्या लिलावात घेतली होती. परदेशी वकिलातींच्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती. निवृत्त झाल्यावर काकांनी तिला हात घातला. इंजिन, ब्रेक, वायरिंग त्यांनी घरीच केलं. रंग तेवढा बाहेर दिला, कारण भर वस्तीतल्या गॅरेजात धूळ आवरत नाही.

ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनली, पण आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीला ती परकी वाटत नाही. ॲम्बॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि हिचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ मालिकेतली. हेडलाइटही तेच ७ इंची. नट-बोल्ट इंची, म्हणजे साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत असे पाने लागतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आटे जुळणारे बोल्ट मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आधीच आणले होते.

पुढची काच आम्ही आधीच्या खेपेला चढवली होती, डॅशबोर्ड बसवायच्या आधी. काचेच्या दोन्ही खांबांचे बोल्ट डॅशबोर्डामागे येतात. तो बसल्यावर तिथे हात घालणं म्हणजे शिक्षा आहे. तर त्या रविवारी बाजूच्या पट्ट्या, दोन्ही बंपर, मागचे दिवे आणि बिल्ले एवढं उरलं होतं.

बाजूच्या पट्टीचं थोडं सांगायला हवं. हेडलाइटच्या मागून निघून मागच्या दिव्यापर्यंत एक चकचकीत रेघ जाते. दिसते एक, पण असतात तीन तुकडे: पुढच्या मडगार्डवर एक, दारावर एक, मागच्या मडगार्डवर एक. पत्र्यावर घडीसारखी एक रेघ दाबलेली असते, पट्टी तिच्यावर बसते. पत्र्याला भोकं असतात, भोकांवर क्लिपा पॉप रिवेटने मारायच्या आणि पट्टी तळहाताने दाबून क्लिपांवर चढवायची. हातोडी लावायची नाही, रबराचीसुद्धा. पट्टी स्टेनलेसची असते, म्हणून तिला क्रोमची गरज नाही. बफ मारला की साठ वर्षांची पट्टी नव्यासारखी उजळते. काकांच्या मूळच्या सगळ्या पट्ट्या शाबूत होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून नावं लिहून ठेवलेल्या. अशी माणसं असतात म्हणून जुन्या गाड्या जगतात.

अडचण निघाली डाव्या पुढच्या मडगार्डला. जुनं खालून सडलं होतं म्हणून नवं मागवलं होतं आणि त्याला पट्टीची भोकंच नव्हती. रंगाच्या आधी कुणी पट्टी लावून पाहिली नाही. आता लखलखीत लाल पत्रा समोर आणि भोकं पाडायची माझ्याकडे.

काका म्हणाले, “पट्टी चिकटवता नाही का येणार? दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप मिळतो हल्ली.”

मी म्हटलं, “काका, एप्रिल-मे मध्ये लाल पत्रा हात लावू देत नाही. टेप मऊ होईल, पट्टी घसरेल. आणि पावसाळ्यात टेपच्या कडेला पाणी धरून राहील.”

माझ्याबरोबर माझा भाचा होता, काम शिकतोय. त्याने सुचवलं की उजवीकडची मापं घेऊन डावीकडे उतरवू. सुचवणं चुकीचं नव्हतं, नव्या गाडीला चाललं असतं. पण या गाड्यांची मडगार्डं आणि दारं माणसांनी हाताने जुळवून बसवलेली. डावी-उजवी तंतोतंत सारखी मिळत नाहीत. त्यात उजवं मडगार्ड कधीतरी दुरुस्त झालेलं. त्याच्यावर भरवसा ठेवायचा नव्हता.

मी विचारलं, “जुनं मडगार्ड कुठाय?”

काकांनी ते पोटमाळ्यावर ठेवलं होतं. भाच्याने उतरवलं. खालचा भाग हातात भुगा होऊन आला, पण मधला, पट्टीचा भाग चांगला होता आणि सगळी भोकं जागेवर. काका इंजिनिअर, त्यांच्याकडे ट्रेसिंग पेपरची गुंडाळी निघाली. कागद जुन्या मडगार्डवर ताणून लावला. दाराकडची उभी कड आणि पत्र्यावरची घडी या दोन खुणा पक्क्या धरल्या आणि भोकं पेन्सिलने उतरवली. काकांनी प्रत्येक भोकाचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजून कागदावर लिहिलंही. मला ते आवडलं.

भोकं पाडण्याआधी मी नेहमी एक गोष्ट करतो. पट्टीच्या रुंदीचा मास्किंग टेप पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात लावतो आणि लांब जाऊन बघतो. दोरा इथे चालत नाही, कारण गाडीच्या अंगाला बाक असतो. गाडी ढकलून अंगणात आणली, टेप लावला, मी फाटकापर्यंत मागे गेलो आणि खाली बसलो.

मडगार्डवर रेघ बरोबर होती. मागच्या मडगार्डवर बरोबर होती. दारावरची घडी मागच्या टोकाला टेपखालून बाहेर डोकावत होती, जवळजवळ अर्धा सूत खाली. नुसत्या लाल रंगावर हे कळत नाही, घडीची सावली मऊ असते. चकाकणारी पट्टी लागली असती तर रस्त्यापलीकडच्या माणसालाही दिसलं असतं.

काका गप्प झाले. मग म्हणाले, “रंगवून आणली तेव्हा दाराच्या फटी मी स्वतः मोजल्यात. सगळीकडे सारख्या होत्या.”

त्या सारख्याच असणार. तेव्हा दार रिकामं होतं. त्यानंतर काकांनी त्यात काच, काच वर-खाली करायचं यंत्र, कुलूप, हँडल असं सगळं बसवलं. वजन वाढलं की दार बिजागरीवर मागच्या टोकाला झुकतं. यात कुणाचा दोष नाही. रिकाम्या दाराची फट हा फक्त अंदाज असतो, खरी फट भरलेल्या दाराची. म्हणूनच दारात सगळं भरल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही.

मग दुपारपर्यंत आम्ही फक्त दार केलं. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर काकूंनी दिलेली जुनी गोधडी. बिजागरीचे दाराकडचे स्क्रू सैल केले. ते सहज सुटत नाहीत, ठोकून फिरवायचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो आणि आजूबाजूच्या रंगावर टेपचे तीन-चार थर. जॅक केसभर वर, स्क्रू आवळ, दार लाव, लांब जाऊन बघ, परत ये. वरची बिजागरी हलवली की खालची फट बदलते, ती नीट केली की दाराची पुढची कड मडगार्डला टेकू बघते. घाई केली तर रंगाचा टवका गेलाच. भाचा मध्ये एकदा म्हणाला, “मामा, एवढं कोण बघतं?” मी त्याला फाटकापाशी नेऊन बसवलं आणि सांगितलं, “तू बघ.” पुढच्या वेळी दार लावलं तेव्हा “अजून थोडं वर” असं तोच म्हणाला.

रेघ जुळली. मग भोकं. ट्रेसिंग पेपर नव्या मडगार्डवर लावला, खुणा टेपवर उतरवल्या. ड्रिल घसरू नये म्हणून आधी सेंटर पंचने खूण, पण त्याला फक्त हलका टिचका, नाहीतर नवा पत्रा आत बसतो. आधी बारीक ड्रिल, मग मापाचं, दोन्ही सावकाश फिरवत. भोक पडल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. कापलेली कड उघडं लोखंड असते आणि इथून समुद्र पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. खाऱ्या हवेला एवढं पुरतं. वर्षभरात पट्टीखालून तांबडं पाणी ओघळायला लागतं. मी प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, काढली, लोखंडाचा कीस चुंबकाने टिपला, कडेला आतून-बाहेरून प्रायमर आणि रंग बारीक ब्रशने लावला आणि सुकायला सोडलं. रिवेट मारताना क्लिपखाली थोडं मेण. हे कुणालाही दिसत नाही आणि यातच पट्टीचं आयुष्य आहे.

सुकेपर्यंत बंपर घेतले. हिचे बंपर क्रोमचे. १९७४ नंतरच्या एमजीबीला अमेरिकेतल्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले, आणि माझ्या मते त्या गाडीचा चेहराच गेला. क्रोम म्हणजे खाली तांबं, त्यावर निकेल आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर. गंजापासून राखायचं काम मुख्यतः निकेल करतं. काकांनी घाईत नुसतं वरचं क्रोम करून घेतलं नव्हतं, तिन्ही थर दिलेले दिसत होते. बंपर आधी सैल टांगला, जाळीच्या खालच्या कडेशी समांतर केला, मग ब्रॅकेट आवळले. लटकत्या बंपरचा एकच बोल्ट पूर्ण आवळला तर तो पीळ धरतो आणि पुढे कायम वाकडा दिसतो.

मागचा डावा दिवा पेटेना. काका वायरिंग तपासायला निघाले, मी थांबवलं. या दिव्यांचं अर्थिंग अंगाच्या पत्र्यातून होतं आणि स्क्रूखाली नव्या रंगाचा जाड थर होता. नाण्याएवढी जागा खरवडली, पांढरं ग्रीस लावलं, दिवा लागला. १९६६ची म्हणून हिचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं, हे मी काकांकडून बॅटरीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. नाहीतर एखादा मेकॅनिक सवयीने उलटी बॅटरी जोडायचा.

चारच्या सुमाराला पट्ट्या चढवल्या. टोकाचा स्टड आधी, नट सैल, मग तळहाताने पुढून मागे. प्रत्येक क्लिपचा बारीक आवाज येतो, तो आला नाही तर तिथे थांबायचं. तिन्ही तुकडे लागल्यावर काका फाटकापाशी जाऊन एक डोळा मिटून बसले. बराच वेळ बघून म्हणाले, “दाराची मागची बाजू मला जरा वर वाटते.”

त्यांची नजर बरोबर होती. मी दार मुद्दामच किंचित वर ठेवलं होतं. चौकटीचं रबर नवं आणि कडक आहे. ते दबलं आणि बिजागऱ्या वापरात आल्या की दार तेवढं बसतं. काकांना हे पटेना, त्यांच्या मते आज मोजून बरोबर हवं. मी सांगितलं, पावसाळ्याआधी येऊन बघतो, तोवर रोज दोन-चारदा उघड-बंद करा, आपटू नका. त्यांनी वहीत फटीचं माप आणि तारीख लिहिली आणि माझी सही घेतली. मग डिकीचा अष्टकोनी बिल्ला पुढे केला. त्याची भोकं जुनीच होती, पाच मिनिटांत बसला.