लडलो: एक किल्ला, एक नदी आणि एक मुक्काम

बर्मिंगहॅमहून लडलोला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मी आधी दोनदा तसंच केलं होतं, आणि दोन्ही वेळा किल्ला बघून, चहा पिऊन, घड्याळाकडे बघत स्टेशन गाठलं होतं. या मे महिन्याच्या शेवटी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा तिथे राहिले. घरचे वडीलधारे भारतातून आलेत, लंडन पाहून झालंय, आणि गर्दी नसलेलं जुनं इंग्लंड त्यांना दाखवायचंय, अशांनी लडलोला एक रात्र जरूर काढावी. का, ते पुढे सांगते.

लडलो श्रॉपशर परगण्याच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या सीमेजवळ आहे. थेट गाडी नाही. बर्मिंगहॅमहून आधी श्रूजबरी, साधारण तासाभराचा प्रवास, आणि तिथून दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडून आणखी अर्धा तास. हेरेफर्डवरूनही जाता येतं, पण श्रूजबरीची वाट अधिक देखणी आहे. चर्च स्ट्रेटनच्या आसपास दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, म्हणजे लाँग मिंड डोंगराची लांबच लांब पाठ दिसेल. गाड्या तासाभराच्या अंतराने असतात, रविवारी कमी, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. तिघांच्या तिकिटांना बरेच पैसे लागतात. ज्येष्ठांचं रेलकार्ड साठीच्या पुढे कोणालाही मिळतं, पाहुण्यांनाही, आणि दोन-तीन प्रवासांत त्याची किंमत वसूल होते.

स्टेशनवरून गावात जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रस्ता चढाचा आहे. चाकांची बॅग ओढत असाल तर ते लक्षात ठेवा. चढ संपता संपता फेदर्स हॉटेलची १६१९ सालची दर्शनी भिंत समोर येते. काळ्या लाकडी चौकटी, त्यांत कोरीव नक्षी, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे झुकलेला. आई तिथेच थांबली. "हे लाकूड वाळवीनं कसं खाल्लं नाही?" असं विचारून तिने तुळईवर हात ठेवला. ओकचं जुनं लाकूड खरोखरच लोखंडासारखं घट्ट लागतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. अशाच एका जुन्या घरात आमची खोली होती, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि जमीन इतकी कललेली की आईला रात्री उठताना भिंत धरावी लागली. घर सुंदर होतं, पण खोली घेताना मी विचारलं नव्हतं, चूक माझी. लडलोत जवळजवळ पाचशे इमारती वारसा म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांत लिफ्ट बसवणं सोपं नाही. तळमजल्याची खोली आहे का, हे फोन करून विचारा.

किल्ल्याच्या दारातच चौक आहे, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार तिथे बाजार भरतो. आम्ही शुक्रवारी पोचलो. भाजी, पाव, रोपं, जुनी भांडी, लोकरीचे मोजे. आईने पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या ठेल्यांवरचे भाव विचारून घेतले. शाकाहारी मंडळींनी पाव, चीज आणि फळं इथेच घ्यावीत. चीज घेताना ते शाकाहारी रेनेटचं (दूध साकळवणाऱ्या विरजणाचं) आहे का, हे विचारा, विक्रेते नीट सांगतात. 'फिजेट पाय' नावाची इथली पारंपरिक पाय सफरचंदाची म्हणून देतील, पण तिच्यात डुकराचं मांस असतं.

आता किल्ला. याची मालकी खाजगी आहे, त्यामुळे इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व इथे चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. हिवाळ्यात वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करा. आत शिरलं की आधी मोठं हिरवं मैदान लागतं, आणि पलीकडे, खंदकावरच्या पुलापलीकडे, बालेकिल्ला. बाबांची ओळख करून द्यायला हवी: देवगडकडचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं मुलांना घेऊन सह्याद्रीतले किल्ले चढलेले. ते पुलावर थांबून खाली वाकले. "खंदक कातळात खोदलाय. खोदून निघालेला दगड तटाला वापरला असणार. आपल्याकडे टाक्यांचा दगड वापरतात, तसाच." नंतर मी वाचलं, ते बरोबर होतं. नॉर्मन काळातल्या द लेसी घराण्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधायला घेतला, आणि इंग्लंडात बहुतेक किल्ले माती-लाकडाचे होते त्या काळात तो दगडाचा बांधला.

बालेकिल्ल्यात छप्पर कशालाच नाही. छपरांचं शिसं गेलं, मग वासे गेले, मग मजले गेले. भिंतीत अधांतरी चुली दिसतात, म्हणजे तिथे एकेकाळी दुसरा, तिसरा मजला होता. त्या चुली बघत फिरलं की घर आपोआप डोळ्यांपुढे उभं राहतं. मधोमध गोल देऊळघर आहे, मेरी मॅग्डलीनचं. जेरुसलेममधल्या पवित्र थडग्याच्या चर्चवरून गोल आकार घेतलेली अशी प्रार्थनागृहं इंग्लंडात फार थोडी उरली आहेत. आतून कमानींची माळ फिरते, दारावर नागमोडी कोरीवकाम आहे, वर आकाश. आई तिथल्या दगडी कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिली.

मोठा बुरूज चढण्याजोगा आहे, पण जिना गोल, अंधारा आणि पायऱ्या झिजलेल्या. पावसात निसरड्या होतात. गुडघे दुखत असतील तर चढू नका, आवारातल्या चहाच्या खोलीत बसा. बाबा चढले. हा बुरूज आधी मुख्य दरवाजा होता, नंतर वाट बुजवून त्याचा बुरूज केला. बुजवलेली कमान बाबांनी दोन मिनिटांत शोधून काढली.

इतिहास इथे दाटीवाटीने बसलाय, पण मला सगळ्यात जास्त लागून राहते ती एक गोष्ट. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरीन यांचं लग्न नोव्हेंबर १५०१ मध्ये झालं आणि दोघांना इथे पाठवलं. तो पंधरा वर्षांचा, ती सोळाची. २ एप्रिल १५०२ ला आर्थर याच किल्ल्यात वारला. पुढे कॅथरीनचं लग्न त्याच्या धाकट्या भावाशी, म्हणजे आठव्या हेन्रीशी झालं, आणि ते लग्न मोडण्याच्या हट्टातून इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. या उघड्या भिंतींमध्ये एक मुलगा आजारी पडला नसता तर काय झालं असतं, हा विचार इथे उभं राहिल्याशिवाय अंगावर येत नाही. त्याच्या आधी, १४८३ मध्ये, बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड इथूनच लंडनला राज्याभिषेकासाठी निघाला, आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात धाकट्या भावासह नाहीसा झाला.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. हा किल्ला १८११ साली राजसत्तेकडून विकत घेतला तो पोविसच्या अर्लने. हा अर्ल म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, मद्रासचा माजी गव्हर्नर आणि रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. श्रॉपशर हा क्लाइव्ह घराण्याचा परगणाच, श्रूजबरीच्या चौकात रॉबर्टचा पुतळाही आहे. प्लासी सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर चालून आली होती. पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीत जळालं. विजयदुर्ग बाबांच्या तालुक्यातला. लहानपणी त्याच्या तटावर ते खेळले आहेत. मी हे सांगितलं तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, म्हणजे आपलं लुटलेलं इथवर आलं असेल." या किल्ल्याला लागलेला पैसा नेमका कुठला, ते मी सांगू शकत नाही. पण टिपूच्या श्रीरंगपट्टणातल्या वस्तू याच कुटुंबाच्या वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आजही मांडलेल्या आहेत. ज्यांच्याकडे गाडी आणि आणखी एक दिवस आहे त्यांनी तेही बघावं. आम्हाला जमलं नाही, पुढच्या खेपेला नक्की.

किल्ल्यानंतर सेंट लॉरेन्स चर्च. बाजारातून एका बोळाने आत गेल्यावर अचानक समोर उभं राहतं. आर्थरचं हृदय इथे पुरल्याचं सांगतात, शरीर वूस्टरला नेलं. गाभाऱ्याजवळच्या बाकांची उचलायची बैठक वर केली की खाली कोरीवकाम दिसतं, अशा अठ्ठावीस बैठका आहेत. हंसांपुढे प्रवचन करणारा कोल्हा, आरसा घेतलेली जलपरी, आणि मापात मारल्याबद्दल सैतानाने खांद्यावर टाकून नेलेली बीअर विकणारी बाई. ही शेवटची आईला फार आवडली. रंगीत काचेच्या एका खिडकीत इथल्या पामर मंडळाचे यात्रेकरू आहेत. पामर म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून ताडाचं पान घेऊन आलेला माणूस. "म्हणजे आपल्याकडची गंगेची लोटी," असं आई म्हणाली, आणि मला त्याहून चांगलं कुणी समजावलं नसतं. मनोऱ्याला सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. मी एकटीच चढले. पूर्वेला क्लीचे डोंगर दिसतात. टिटरस्टोन क्लीच्या माथ्यावरचा दगड डोलेराइट आहे, आपल्या काळ्या कातळाचा सख्खा भाऊ. खाली उतरून बाबांना सांगितलं, तर त्यांना लगेच तिकडे जायचं होतं.

आता मुक्कामाचं कारण. किल्ला संध्याकाळी बंद होतो, दिवसाची माणसं गाडीने परततात, आणि मेच्या अखेरीस उजेड नऊपर्यंत असतो. जेवण लवकर उरका, कारण स्वयंपाकघरं आपल्या सवयीपेक्षा बरीच आधी बंद होतात, आणि मग चालायला निघा. ब्रॉड स्ट्रीट उतरत जा. विटांची आणि लाकडी चौकटींची घरं दोन्ही बाजूंनी उताराला रांगेत उभी आहेत. तळाशी गावकुसाची एकमेव उरलेली जुनी वेस आहे, आणि तिच्या डोक्यावर कुणीतरी घर बांधून राहिलंय. पुढे लडफर्ड पूल, टीम नदी, आणि पूल ओलांडून उजवीकडे काठाने जाणारी ब्रेड वॉक. १८५० च्या सुमारास ही वाट बांधणाऱ्या मजुरांना पैसे दिले तर दारूत जातील म्हणून पाव दिला, असं सांगतात. आई थांबली. ती नगर जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या घरची माणसं खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची. "पोरींनी पदरात बांधून आणायची घरी," एवढंच म्हणाली.

वाट सपाट आहे, मुळं आणि दगड आहेत तेवढे सांभाळा. डिनम पुलापाशी ती संपते. तिथून ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी व्हिटक्लिफ टेकडीच्या पायऱ्या चढून वरच्या बाकावर बसावं. दुपारी आम्ही ज्या किल्ल्यात होतो तो नदीपलीकडे पूर्ण दिसतो. तट, बुरूज, मागे चर्चचा मनोरा, आणि मावळतीचं ऊन सरळ दगडावर. सकाळी हाच किल्ला इथून काळपट दिसतो, सूर्य मागे असतो. म्हणून संध्याकाळ. टेकडीचा दगडही साधा नाही. पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाचं नाव जगभरचे भूशास्त्रज्ञ 'लडलो' असंच घेतात, ते इथल्याच खडकांवरून पडलं. चाळीस कोटी वर्षांहून जुना समुद्रतळ. सह्याद्रीचा कातळ याच्यापुढे सहा-साडेसहा कोटींचा, म्हणजे अगदी तरुण. आई खाली पुलाजवळच्या बाकावर थर्मासमधला चहा घेऊन थांबली होती. थर्मास न्याच, त्या वेळी नदीकाठी चहा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना क्रेव्हन आर्म्सला उतरलो, लडलोनंतरचं पहिलंच स्टेशन. तिकीट काढताना वाटेत उतरलेलं चालेल का, ते विचारून घ्या. तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर स्टोकसे आहे. लडलोच्याच लॉरेन्स नावाच्या लोकर व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं तटबंदीचं घर. इथे मात्र इंग्लिश हेरिटेजचं कार्ड चालतं. दिवाणखान्याचं लाकडी छत सातशे वर्षांचं, जागेवर शाबूत. सामान ठेवायची सोय स्टेशनवर नाही, आम्ही बॅगा ओढतच गेलो. तेवढ्यासाठी पाठीवरच्या पिशव्या न्या.

श्रूजबरीला गाडी बदलताना अर्धा तास होता. चौकातला पुतळा दहा मिनिटांवर होता, मी बाबांना विचारलं, बघायचाय का. "नको," म्हणाले, "त्यापेक्षा क्लीचा तो काळा दगड कुठे मिळतो ते बघून ठेव."