माझा पाय कुणी ओढत नाही

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरत होते. शेवटच्या रकान्यात टीमबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. टीम खरोखर चांगली होती. कुणी कुणाचं श्रेय लाटत नव्हतं, पुढे जाणाऱ्याला खाली खेचत नव्हतं. हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा फार विचारही करावा लागला नाही. वाक्य तयारच होतं, ते उतरवून मोकळी झाले: 'इन धिस टीम, नोबडी पुल्स एनीबडीज लेग.' वर स्वतःवरच खूश, की बघा, कसं अस्सल इंग्रजी सुचलं.

दोन दिवसांनी आमच्या मॅनेजरचा मेल आला. ते इंग्लंडमध्ये बसत. एकच ओळ होती. टीम इतकी गंभीर झाली असेल तर सगळ्यांनाच सुट्टीची गरज आहे, अशा अर्थाची. मी ती ओळ चार वेळा वाचली. मग शब्दकोश उघडला, आणि कान तापले.

आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत लेग पुल करणं म्हणजे थट्टा करणं, फिरकी घेणं. मी कंपनीच्या अधिकृत कागदावर, सहीनिशी, लिहून दिलं होतं की आमच्यात कुणीही कुणाची गंमत करत नाही. आणि ते अभिमानाने.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक वही आहे. आता तिसरी चालू आहे.

खरं तर इंग्रजी वाक्प्रचार मला नवे नव्हते. मी मराठी माध्यमातली. शाळेत याद्या घोकल्या होत्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, आणि पेपरात 'वाक्यात उपयोग करा'. 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' या एका वाक्यावर मी किमान चार परीक्षांत गुण मिळवलेत. आता चौदा वर्षं दिवसाचे निम्मे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांशी फोनवर बोलण्यात जातात, सॉफ्टवेअरमधल्या चुका त्यांना समजावून सांगण्यात. पावसाबद्दल ही माणसं भरपूर बोलतात. पण ती कुत्री-मांजरं गंभीरपणे पाडताना मी अजून कुणाला ऐकलं नाही. हा वाक्प्रचार उपहासकार लेखक जोनाथन स्विफ्टने 1738 साली छापलेल्या संवादांत येतो, आणि ते संवाद म्हणजे त्या काळच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर होती. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच ज्याचा शिळेपणा चेष्टेला पात्र झाला होता, ते आम्ही लहानपणी ताजं म्हणून पाठ केलं.

यादीवरचा माझा राग एवढ्यापुरता नाही. यादी अर्थ देते, वजन देत नाही. आमच्या यादीत 'किक द बकेट' समोर लिहिलं होतं: मरणे. बरोबरच आहे. पण मराठीत माणूस वारतो, जातो, निवर्ततो, देवाघरी जातो, खपतो, गचकतो. यातलं कुठलं कुणापुढे बोलायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी सांत्वनाला गेलेल्या घरात 'केव्हा गचकले?' असं आपण विचारत नाही. 'किक द बकेट' हे गचकण्याच्या पंगतीतलं आहे. फ्रान्सिस ग्रोसने 1785 साली ते आपल्या कोशात घेतलं, आणि तो कोशच मुळी रस्त्यावरच्या, असभ्य बोलीचा होता. यादीत मात्र ते 'पास अवे'च्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेलं. दोन्हींसमोर एकच शब्द, मरणे. माझ्या हातून अजून तरी कुणाच्या शोकपत्रात बादली लाथाडली गेलेली नाही, ते केवळ नशीब.

म्हणून माझ्या वहीत अर्थाचा रकाना सगळ्यात शेवटी आहे. आधी लिहिते: कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, वरच्याला की बरोबरीच्याला, हसत की तोंड पाडून. मग पुढे काय घडलं ते. अर्थ बऱ्याचदा पेन्सिलीने लिहिते, कारण तो बदलावा लागतो.

उदाहरणार्थ, 'टेबल'. एका बैठकीत लंडनचे साहेब म्हणाले, लेट्स टेबल इट. अमेरिकेतल्या बाई म्हणाल्या, ग्रेट. मी दोघांचं एकमत झाल्याची नोंद करून टाकली. पुढच्या आठवड्यात साहेब चर्चेची तयारी करून आलेले आणि बाईंनी तो मुद्दा विषयपत्रिकेतूनच काढलेला. ब्रिटिश माणूस विषय 'टेबल' करतो म्हणजे चर्चेला घेतो. अमेरिकन माणूस 'टेबल' करतो म्हणजे बाजूला ठेवतो. शब्द तोच, दिशा उलटी. मला वाटलं ही माझी एकटीची फजिती. नंतर कळलं की दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिलनी नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते 'टेबल' करू म्हणत होते, अमेरिकन अधिकारी त्यालाच कडाडून विरोध करत होते, आणि बरंच कडवट भांडण झाल्यावर उमगलं की दोघांना एकच हवं होतं. एवढ्या मोठ्या माणसांचं असं होतं म्हटल्यावर मी माझ्या बैठकीच्या टिपणाबद्दल स्वतःला माफ करून टाकलं.

'क्वाइट गुड'चीही तीच गत. अमेरिकन तोंडी ते बहुधा कौतुक असतं. ब्रिटिश तोंडी बहुतेक वेळा ते आपल्या 'ठीक आहे'च्या वळणावर जातं, ज्यात खूप काही बरं नसतं. माझ्या एका रिपोर्टला साहेबांनी 'क्वाइट गुड' म्हटलं तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं. असो.

चित्रांचा भाग मात्र मला मनापासून आवडतो. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे तर्र झालेला माणूस. मी कित्येक महिने डोळ्यांपुढे वाऱ्यावर उडणाऱ्या तीन चादरी आणत होते. चादरींचा दारूशी संबंध काय? तर गलबतावर 'शीट' म्हणजे कापड नव्हेच, शिडाचं टोक आवळून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडं फडफडतात आणि गलबत झिंगल्यासारखं हेलकावे खातं. आपल्या 'शीड'शी त्या 'शीट'चं नातं लावायचा मोह मला आजही होतो, पण ते नुसतं कानाचं साम्य आहे आणि अर्थही नेमका उलटा पडतो. तरी लक्षात ठेवायला कामाला येतं. इंग्रजांचं अर्धं बोलणं गलबतावरून उतरलेलं आहे: नव्या कामाचे 'रोप्स' शिकणं तिथलंच, 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणंही तिथलंच, वारा समोरून शिडावर आदळला की गलबत जागच्या जागी थबकतं, ते.

दुसरा मोठा कारखाना घोड्यांचा. घोड्याचं वय दातांवरून ओळखतात. वय वाढेल तसे हिरड्या मागे सरून दात लांब दिसायला लागतात. एवढं कळलं की 'लाँग इन द टूथ' म्हणजे वय झालेला, आणि भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये ही म्हण, हे दोन्ही एका झटक्यात सुटतं. घोकावं लागत नाही.

खेळांपैकी क्रिकेटचे वाक्प्रचार आपल्याला फुकटात मिळतात. 'स्टिकी विकेट' ऐकल्यावर मला शब्दकोश लागला नाही: खेळपट्ट्या झाकत नसत तेव्हा पावसानंतर ऊन पडलं की चेंडू कसाही उसळायचा, फलंदाजाची पंचाईत. बेसबॉलने मात्र मला छळलं. 'बॉलपार्क फिगर द्या' असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी प्रामाणिकपणे विचारलं होतं की या प्रोजेक्टमध्ये पार्क कुठे आहे. अंदाजे आकडा हवा होता बिचाऱ्याला.

पण या मूळकथांना फार भुलू नये, हे मी उशिरा शिकले. 1999 च्या सुमारास ई-मेलवरून एक लांबलचक मजकूर फिरला होता: जुन्या काळी गवताच्या छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून तो वाक्प्रचार. कुणीतरी जिवंत पुरलेल्या माणसासाठी थडग्याला घंटा बांधायचं, म्हणून 'सेव्ह्ड बाय द बेल'. वाचायला झकास, आणि दोन्ही बनावट. 'सेव्ह्ड बाय द बेल' सरळ मुष्टियुद्धाच्या रिंगणातलं आहे. मार खाणाऱ्याला फेरी संपल्याची घंटा वाचवते. मी ती थडग्याची गोष्ट दोन वर्षं लोकांना रंगवून सांगत होते, हे इथे कबूल करते.

ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन, त्याची गोष्ट जरा बऱ्या पायावर उभी आहे. 1794 मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. 1801 मध्ये कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि मला काही दिसत नाही म्हणाला, असं सांगतात. 'टर्न अ ब्लाइंड आय'ला त्यामुळे प्रसिद्धी मिळाली. यावर आपला शब्द बघा: कानाडोळा. एकाच शब्दात कान आणि डोळा दोन्ही आणून कामाला लावलेत, आणि दोघांनाही काही कळू द्यायचं नाही. मला तर आपलंच जास्त आवडतं. हे माझं पक्षपाती मत.

या सगळ्यापेक्षा मला जास्त रडवलं ते छोट्या शब्दांनी. 'पुट' घ्या. 'पुट ऑफ' लांबणीवर टाकणं, 'पुट आउट' विझवणं, 'पुट डाउन' पाणउतारा करणं. पाहुण्याला 'पुट अप' करणं म्हणजे घरी ठेवून घेणं आणि पाहुण्याला 'पुट अप विथ' करणं म्हणजे त्याला सहन करणं. मधे फक्त एक 'विथ' आहे, आणि कदाचित तीन दिवस. यात चित्र नाही, घोडा नाही, गलबत नाही, धरायला काहीच नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला असे शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत कदाचित इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परक्यांना सगळ्यात मोठी अडचण तिचीच होते. ते वाचून मला फार बरं वाटलं. वाटलं, हा इंग्रजांचाच खोडसाळपणा, आपली भाषा कशी सरळ.

हा भ्रम माझ्या एका सहकारी मुलीने मोडला. इंग्रजी तिची मातृभाषा, सासर मराठी, आणि गेली दोन वर्षं ती चिकाटीने मराठी शिकतेय. एक दिवस तिने विचारलं, ''तुमच्याकडे सगळे काहीतरी करतात आणि मग बसतात का?''

मला प्रश्नच कळला नाही.

''सासूबाई म्हणाल्या, मी पासवर्ड विसरून बसले. पण त्या तर उभ्या होत्या!''

हसू ओसरल्यावर मी समजवायला घेतलं आणि अडकले. विसरले आणि विसरून बसले यात फरक काय? बसण्यात थोडी हळहळ आहे. हातून घडलं, घडायला नको होतं, आता उपाय नाही. मग तिने वहीच काढली. (हो, तिच्याकडेही वही आहे.) वाचून काढलं, वाचून टाकलं, वाचून पाहिलं, वाचून दाखवलं, वाचून घेतलं. यात काय काढलं? टाकलं कुठे? वाचल्याशिवाय पाहता येत नाही का? मी एकेकाला उदाहरणं देत गेले. 'टाकलं'मध्ये एकदाचं संपवल्याची सुटका आहे, 'घेतलं'मध्ये स्वतःची सोय आहे, 'काढलं'मध्ये अथपासून इतिपर्यंतची मेहनत आहे. ती लिहीत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकत होते, की हे सगळं मला माहीत आहे.

'करून ठेवलंय'वर आमची अर्धी दुपार गेली. 'सगळी तयारी करून ठेवलीय' हे कौतुक, आणि 'हे काय करून ठेवलंयस?' ही शिवी नाही इतकंच. अर्थाच्या रकान्यात तिने प्रश्नचिन्ह काढलं, आणि खाली लिहिलं: कोण बोलतंय ते बघणे.

गेल्या मंगळवारी सकाळी तिचा मेसेज आला, शुद्ध देवनागरीत: ''ताई, मी काल चुकून टेस्टचा अख्खा फोल्डर डिलीट करून बसले.''

'करून बसले.' अगदी जिथल्या तिथे, हळहळीसकट. मला इतका आनंद झाला की मी आधी शाबासकी लिहून पाठवली. फोल्डर माझा होता, हे मग लक्षात आलं.