शाप देणारी स्तोत्रे

भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र बहुधा सहाव्या वचनापाशीच थांबते. बाबेलच्या (म्हणजे बॅबिलोनच्या) नद्यांकाठी बसून रडणारे यहूदी निर्वासित सर्वांना भावतात. शेवटच्या वचनात मात्र बाबेलची बालके खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे आणि ते मोठ्याने वाचायला कोणी धजत नाही. रोमन कॅथलिक चर्चने तर १९७१ च्या नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे पूर्णपणे वगळली.

मलाही ही शापांची स्तोत्रे खटकत असत. परंतु ज्यांचे मंदिर जाळले गेले, ज्यांना हद्दपार केले गेले आणि ज्यांना दाद मागायला कोणतीच कचेरी नव्हती, अशांचा तो तळतळाट आहे, आणि तो उच्चारणारा स्वतः शस्त्र न उचलता सूड देवाच्या हवाली करतो. १०९ व्या स्तोत्रातील शाप हे शत्रूचेच उद्धृत केलेले शब्द आहेत, असे काही अभ्यासक मानतात, कारण तेथे अनेक वैऱ्यांऐवजी अचानक एकाविषयी बोलणे सुरू होते. मला ती सोयीची पळवाट वाटते. (जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आपण कुठे लपवतो?)

आमची चाळ पाडून विकासकाने भाडे थकवले, तेव्हा दुर्जनांचे दात पाडण्याची विनवणी करणारे ५८ वे स्तोत्र मी आईला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला सांगितले.