उणे ११५ फुटांवरून उड्डाण

कॅलिफोर्नियातल्या थर्मल गावच्या विमानतळावर विमान नुसतं उभं असलं तरी उंचीमापक शून्याखाली असतो. धावपट्टीच समुद्रसपाटीच्या ११५ फूट खाली आहे. हवाई सर्वेक्षणात मी मागे कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसते, म्हणून पायलटने त्या दिवशी मुद्दाम मला काटा दाखवला.

काम होतं सॉल्टन सीचा किनारा टिपायचं. वाळवंटातलं हे खारं तळं अपघातानेच भरलं. १९०५ साली कोलोरॅडो नदी सिंचनाच्या कालव्यातून फुटून या खोलगट भागात शिरली. रेल्वे कंपनीने खिंडार बुजवेपर्यंत १९०७ उजाडलं. पाण्याला बाहेर वाट नाही. शेतांतून निथळून येतं ते उन्हात उडतं, मीठ मागे राहतं.

वरून काठ पांढराशुभ्र दिसतो. पण ती बरीचशी वाळू नव्हेच. बार्नकल म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या जलचरांची कवचं, माशांची हाडं, मिठाचे पापुद्रे. रेड हिल मरीनाचा बोटी उतरवायचा उतार पार कोरड्यात पडलाय. पूर्वेच्या काठावरच्या वस्तीचं नाव चक्क बॉम्बे बीच! घरी कुणाचा विश्वास बसला नाही.

अडचण अशी की किनारा म्हणायचा कशाला? इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं दिसतं, पण ओला चिखलही काळपटच. दक्षिणेला जमीन इतकी सपाट की रेघ कुठेही ओढावी. हा नुसता तांत्रिक कीस नव्हे. २००३च्या पाणीवाटप करारानंतर तळ्याच्या दक्षिणेकडच्या इंपीरियल खोऱ्यातल्या शेतीचं काही पाणी सॅन दिएगो शहराकडे वळलं, तळ्यात सोडलं जाणारं भरपाईचं पाणी २०१७ अखेर थांबलं. उघडा पडलेला तळ धूळ होऊन आसपासच्या लोकांच्या छातीत जातो, आणि तो किती एकर, हे आमच्या रेघेवर ठरणार.

वळण घेताना सांता रोसा डोंगराच्या पायथ्याशी आडवी रेघ दिसली. वर गडद खडक, खाली फिकट, रिकाम्या हौदाच्या भिंतीवर असते तशी. प्राचीन काहुइया सरोवराचा काठ! तो समुद्रसपाटीच्या सुमारे १२ मीटर वर, आजचं पाणी ७० मीटरहून खाली. ते सरोवर आटत गेलं तसे इथल्या मूळनिवासी काहुइया लोकांनी मासे धरायचे दगडी सापळे उतारावर ओळीने खाली खाली रचले. म्हणजे किनाऱ्याची नोंद आमच्याआधी त्यांनीच ठेवली म्हणायची.

मी दोन रेघा द्यायचं ठरवलं: पाण्याची कड आणि चिखलाची कड, दोन्हींवर तारीख-वेळ.

"काम दुप्पट, पैसे तेवढेच," पायलट म्हणाला.

दुपारी वारा सुटला, दक्षिण काठ धुळीत दिसेनासा झाला. टिपायच्या उरलेल्या पट्ट्यांवरून दुसऱ्या दिवशी सकाळी उडालो.